फोटोतून कापलेली टोपली

पालघरकडे चार दिवस राहून आले म्हटल्यावर आमच्या सांगलीत जो तो एकच विचारतो, "तिकडं बघण्यासारखं काय आहे?" समुद्र आहे, नारळ आहेत, ताजे मासे आहेत, असं सांगून मी वेळ मारून नेते. खरं कारण सांगितलं नाही. मी तिकडे काही बघायला गेलेच नव्हते. अकरा वर्षांपूर्वी तिथे जे बघितलं होतं ते चुकीचं बघितलं होतं, आणि त्या चुकीपायी एका बाईचं लग्न अडलं होतं.

मी तीस वर्षं वर्तमानपत्रांत काढली. त्यातली बरीचशी मुंबईत, रविवारच्या पुरवणीसाठी मुलाखती घेण्यात गेली. अकरा वर्षांपूर्वी पालघरच्या किनाऱ्यावरच्या मुरबे गावाची एक होडी वादळात गेली. तिच्यावरचा जनार्दन नावाचा तरुण सापडलाच नाही. सहा महिन्यांनी मी त्याच्या बायकोची, रेखाची, मुलाखत घेतली. दिवसभर तिच्या घरी बसले, आठ पानं भरून टिपणं काढली. संध्याकाळी निघताना पाहिलं तर ती किनाऱ्यावर उभी होती, समुद्राकडे तोंड, कपाळावर आडवा हात. मी फोटो काढला. मुंबईला जाऊन लेखाचा शेवट लिहिला : 'अजूनही रोज संध्याकाळी ती किनाऱ्यावर येते आणि त्याची वाट पाहते.'

लेख गाजला. पोतंभर पत्रं आली. आमचे संपादक कुणाचं कौतुक करायचे नाहीत, तेही टेबलाशी येऊन म्हणाले की शेवट फार सुरेख साधलाय. मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

गेल्या महिन्यात रेखाचा फोन आला. माझा नंबर तिने इतकी वर्षं जपून ठेवला होता. आता ती चाळिशीची झालीय, बोईसरच्या बाजारात मासे विकते आणि सासूबरोबर राहते. मूलबाळ नाही. सात वर्षांनी जनार्दनच्या मृत्यूचा दाखला हातात आला, आणि आता बेटेगावात राहणाऱ्या, कारखान्यात नोकरी करणाऱ्या एका विधुराशी तिला लग्न करायचंय. पण नात्यातली माणसं म्हणतात, जी रोज वाट बघते तिचं लग्न कसं लावायचं? आणि सासू तर हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. लग्नाचं काढलं की भिंतीवर लावलेल्या माझ्या लेखाच्या कात्रणाकडे बोट दाखवते आणि गप्प बसते.

"ताई, मी कोनाची वाट बघत नाय," रेखा म्हणाली. "तवा पन बघत नवती. तुमी लिवलं ना, आता तुमीच येऊन आयला सांगा." आय म्हणजे तिची सासू.

मी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. जुनी वही सापडली. आठही पानं दोनदा वाचली. संध्याकाळी किनाऱ्यावर का उभी होतीस, हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. मी विचारलंच नव्हतं. वहीच्या मागे तो फोटोही होता, पुरवणीत छापण्यासाठी आम्ही कापला त्याच्या आधीचा, पूर्ण. त्यात रेखाच्या पायाशी एक मोठी टोपली होती आणि टोपलीला टेकवून ठेवलेला खराटा.

बोईसर

प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही, पाय तेवढे सुजले. बोईसरला उतरले तेव्हा सकाळचे दहा वाजले असावेत. अकरा वर्षांत गाव ओळखू न येण्याइतकं वाढलंय. तारापूरच्या कारखान्यांकडे जाणारी माणसं रिक्षांत कोंबली जात होती आणि आजूबाजूला सगळी हिंदीच ऐकू येत होती. मी मराठीत पत्ता विचारला तर रिक्षावाला म्हणाला, "मावशी, बैठो, छोड देता हूँ." त्याने मला मासळी बाजाराऐवजी भाजी बाजारात सोडलं. मीच 'बाजार' एवढंच म्हटलं होतं, तेव्हा दोष कुणाला देणार? मासळी बाजार लागूनच असेल म्हणून चालत निघाले आणि वास येईल त्या दिशेने गेले. आमच्याकडची शाकाहारी माणसं नाकाला पदर लावतात त्या वासाने मला त्या दिवशी बरोबर जागी पोचवलं.

रेखा बसलेली होती. समोर पापलेटं, मांदेली, बोंबील, बाजूला सुक्याची वेगळी पाटी. केस पांढरे व्हायला लागलेत, आवाज मात्र दुप्पट झालाय. एका बिहारी गिऱ्हाइकाशी ती अशा काही हिंदीत घासाघीस करत होती की त्या भाषेला व्याकरणाची गरजच उरली नव्हती. मला बघताच तिने तशाच ओल्या हातांनी माझे दोन्ही हात धरले. माझ्या मनगटाला संध्याकाळपर्यंत बोंबलाचा वास होता, आणि खरं सांगायचं तर तो पुसावा असं मला वाटलं नाही.

गिऱ्हाइकं सांभाळता सांभाळता तिने सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी ती जवळा गोळा करायला गेली होती. जवळा म्हणजे अगदी बारीक कोळंबीसारखी मासळी. ती जमिनीवर पसरून वाळवतात आणि दव पडायच्या आत खराट्याने झाडून टोपलीत भरतात. गोळा करून झाल्यावर पश्चिमेकडे एकदा नजर टाकायची. ढग चढत असेल तर दोऱ्यांवर वाळत घातलेले बोंबीलसुद्धा उतरवायचे, नाहीतर सगळे कुजतात. म्हणून कपाळावर हात. मावळतीचं ऊन डोळ्यांवर येत होतं.

मी तिथेच पाटीशेजारी पालथ्या घातलेल्या क्रेटवर बसले. मी तासगावकडच्या खेड्यात वाढले. आमच्याकडे द्राक्षांचे बेदाणे करतात. शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं वाळत पडलेली असतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये माझी आई रोज संध्याकाळी अंगणात येऊन, कपाळावर अस्साच हात धरून आभाळ बघायची. एक अवकाळी सर आली की वर्षाचं पीक काळं. तिला कुणी विरहिणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तिने हातातलं सूप फेकून मारलं असतं. सगळ्या महाराष्ट्रात ज्या थोड्या लोकांना ती नजर ओळखता यायला हवी होती त्यांत मी होते, आणि मीच तिला विरह म्हटलं. मला लाज वाटली. ती अजून गेलेली नाही.

"मग लेख वाचलास तेव्हा बोलली का नाहीस?" मी विचारलं.

रेखा सातवीपर्यंत शिकलीय, तिने तो तेव्हाच वाचला होता. ती पापलेटाचे पर कापत राहिली. मग म्हणाली, "तुमी पावन्या. येवढं चांगलं लिवलेलं. मना वाटलं, आपन आशीच आसू. मंग आठ दिवस मी जवळा भरल्यावर खरंच जरा जास्त उभी राह्यले."

आम्ही माणसांबद्दल लिहितो असं आम्ही समजतो. कधीकधी माणसं आमच्या लिहिण्यासारखी वागायला जातात, ते आम्हाला दिसत नाही, कारण तोवर आम्ही पुढच्या गावाला पोचलेलो असतो.

पुढचं तिने हसत सांगितलं, तेच जास्त लागलं. दर वर्षी वादळाचा इशारा आला की टीव्हीची माणसं मुरब्याला येतात आणि 'ती वाट बघणारी बाई' कुठे राहते म्हणून विचारतात. तिला किनाऱ्यावर उभी करतात. एकाने तिला तीनदा चालायला लावलं. दुसऱ्याने टोपली बाजूला ठेवायला सांगितली, चित्रात येत होती म्हणून. नाही का म्हटलं नाहीस, असं विचारल्यावर ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच काहीतरी उलटं बोलले. दारी आलेल्या पाहुण्याला नाही कसं म्हणायचं, तो इतक्या लांबून आलेला. तिच्या घरी पाहुण्याने मागितलेली वस्तू देतात, तशी ती आपली संध्याकाळ देत राहिली.

बेटेगाव

दुसऱ्या दिवशी दुपारी रेखा मला बोईसरच्या लॉजवरून दिगंबरकडे, म्हणजे तिच्या त्या विधुराकडे, जेवायला घेऊन गेली. बेटेगावात कामगारांच्या खोल्या आहेत, त्यातल्या एका खोलीत तो राहतो. माणूस मूळचा उदगीरकडचा, पंचेचाळिशीचा, बुटका, कारखान्यातून दुपारची सुट्टी काढून स्वतः स्वयंपाक करून बसलेला. शेंगदाण्याची चटणी, ज्वारीची भाकरी, पातळ वरण. आल्यापासून तांदळाच्या भाकरीवर काढल्यावर ज्वारीचा तो वास आला आणि मला घरी आल्यासारखं झालं. दिगंबरला मी सांगलीची म्हटल्यावर फारच आनंद झाला. इथे राहून त्याला उदगीर आणि सांगली शेजारी शेजारी वाटायला लागलीत.

त्यांची ओळख कशी झाली ते दोघांनी मिळून सांगितलं, एकमेकांना खोडून काढत. बायको गेल्यावर दिगंबरला हाताने रांधायची वेळ आली. बाजारात जाऊन त्याने रेखाला विचारलं, काटा नसलेला मासा आहे का? तिने बोंबील दिले. याने ते भज्यासारखे पिठात बुडवून तेलात सोडले. बोंबलाच्या अंगात पाणी फार असतं, ते काढायला तो आधी पाट्याखाली दाबून ठेवावा लागतो, हे उदगीरच्या माणसाला कोण सांगणार! कढईत पाणी झालं, तेल उडालं, हात भाजला. आठवड्याने हा भाजलेला हात घेऊन तक्रार करायला गेला.

"म्या भांडाया गेलतो बगा," दिगंबर म्हणाला. "हिनं हात बघितला आन् म्हनली, उद्या ये, दाबून देते."

सवयीने माझी वही केव्हा बाहेर आली मलाच कळलं नाही. इतका गोड मजकूर आणि पेन बंद, हे तीस वर्षांत कधी झालं नव्हतं. दिगंबरने वहीकडे पाहिलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, "मॅडम, हे बी छापनार का?"

मी वही पिशवीत टाकली. गप्पा चालल्या आहेत असं त्याला वाटत होतं, मी मात्र मुलाखत घ्यायला लागले होते. हा फरक समोरच्याला कळायला हवा, एवढं साधं तत्त्व मी नव्या मुलांना शिकवलेलंय. (वरचा प्रसंग छापायची परवानगी दोघांकडून नंतर घेतली. दिगंबर कढईचं चालेल म्हणाला, आणखी एक गोष्ट नको म्हणाला. ती इथे नाही.)

अडचण कुठे आहे ते जेवणानंतर कळलं. हिराबायला, म्हणजे रेखाच्या सासूला, एकटं सोडून रेखा बेटेगावला यायला तयार नाही. दिगंबरची तिघांनी एकत्र राहायची तयारी आहे, खोलीत तिसरी खाटही आणून ठेवलेली दिसली. पण हिराबाय इथे यायला तयार नाही, आणि का नाही ते सांगतही नाही. विचारलं की भिंतीकडे बोट. हे लग्न झालं नाही तर रेखा तशी काही मरणार नव्हती. ती मासे विकत राहिली असती, आणि दर वादळाला किनाऱ्यावर उभी राहिली असती. मला दुसरी गोष्ट सहन होत नव्हती.

मुरबे

तिसऱ्या दिवशी सकाळी रिक्षाने मुरब्याला गेलो. दिगंबरची कामाला दांडी होती, तोही आला, पण अंगणातच थांबतो म्हणाला. गावात शिरताना दोन्ही बाजूंना बांबूंच्या चौकटी आणि त्यांवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील. मुलांसाठी पताका लावल्या असाव्यात असं लांबून वाटतं. खाडीकाठच्या चिखलात माझी डाव्या पायातली चप्पल रुतली आणि ओढताना तिचा पट्टा तुटला. त्यामुळे ज्या घरात मी गंभीरपणे क्षमा मागायला चालले होते त्या घरात अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून शिरले.

हिराबाय खाडीकडच्या पडवीत, भिंतीला पाठ लावून जाळं दुरुस्त करत होती. पंचाहत्तरीची असेल. अकरा वर्षांपूर्वीही ती तिथेच, त्याच कोपऱ्यात, तशीच मान खाली घालून बसलेली होती. मी लेखात तिच्यावर अर्धी ओळ खर्च केली होती : 'कोपऱ्यात सासू जाळं विणत बसली होती.' तिने माझ्या पायांकडे पाहिलं आणि रेखाला पाणी काढायला सांगितलं.

मी बोलायला सुरुवात केली तर तिने हाताने थांबवलं. आधी जेवण. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करून वाढतात, इथे आग्रह नसतोच, ताटात सरळ येऊन पडतं. तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलाचं आंबट कालवण, सुक्या जवळ्याची चटणी. त्या जवळ्याचा पहिला घास तोंडात घेताना मला जरा अवघडल्यासारखं झालं. मी आणलेले तासगावचे बेदाणे तिने हातावर घेऊन बघितले आणि कसे वाळवतात, किती दिवस, पाऊस आला तर काय करता, असं बारकाईने विचारलं. मी गेल्या खेपेला तिला विचारले त्यापेक्षा जास्त प्रश्न तिने मला पहिल्या पंधरा मिनिटांत विचारले.

मग मी बोलले. सगळं सांगितलं. ते शेवटचं वाक्य माझं होतं, रेखा तसं कधी म्हणाली नव्हती, मी तिला विचारलंच नव्हतं. पिशवीतून तो न कापलेला फोटो काढला आणि टोपलीवर बोट ठेवलं. म्हटलं, ही टोपली आम्ही छापताना कापली, तिच्यात जवळा होता, तुमची सून जवळा भरत होती.

हिराबायने फोटो डोळ्यांजवळ धरला. "ह्यो टोपला माजा हाय," ती म्हणाली. "मना ठाव होतं."

मला वाटलं तिला नीट कळलं नसावं, म्हणून मी पुन्हा समजावू लागले. तिने मान हलवली. संध्याकाळी किनाऱ्यावर बाई का जाते हे मुरब्यातल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक असतं, अशा अर्थाचं काहीतरी ती बोलली आणि पहिल्यांदाच हसली. अकरा वर्षं ती कात्रणातलं वाक्य खोटं आहे हे जाणून होती. मग ते भिंतीवर कशाला लावलं? रेखाही कमरेवर हात ठेवून तेच विचारत होती, जरा रागानेच.

हिराबायने जाळ्यातली सुई बाजूला ठेवली.

"तुज्या लिवन्यात तिचं नाव हाय, पन वाट माजी हाय," ती मला म्हणाली. "मी हितंच बसली होती. तू मना काय बी पुसलं नाय."

मला ते अर्धं वाक्य आठवलं. कोपऱ्यात सासू. एका बाईच्या तोंडी मी तिने न बोललेलं घातलं हे पाप धुवायला मी आले होते, आणि जिच्याकडे खरंच सांगण्यासारखं होतं तिच्याकडे मी मान वळवून पाहिलंही नव्हतं. मुलगा जाऊन सहा महिने झालेल्या आईला सोडून मी फोटोत बरी दिसेल त्या बाईला गाठलं. तरुण विधवा, समुद्र, संध्याकाळ. म्हातारी आणि जाळं कोण छापणार? मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

"आता विचारू का?" मी म्हटलं.

ती लगेच हो म्हणाली नाही. लिहून घेणार का, असं विचारलं. तुम्ही म्हणाल तर, असं मी सांगितलं. आणि छापायच्या आधी मला वाचून दाखवशील का, असं तिने विचारलं. आमच्या धंद्यात हे बसत नाही. मुलाखत देणाऱ्याला मजकूर आधी दाखवायचा नाही, नाहीतर पुढारी स्वतःचेच शब्द गिळतात, हा नियम मी स्वतः कितीतरी जणांना घोकायला लावलाय. नियम बरोबर आहे. तो पुढाऱ्यांसाठी आहे. मी हो म्हटलं.

तिने सांगितलं ते असं. ती किनाऱ्यावर कधी जात नाही. वादळानंतर एकदाही गेली नाही. भरती लागली की होड्या खाडीत शिरतात आणि या पडवीमागून जातात. प्रत्येक होडीच्या मशीनचा आवाज वेगळा असतो. एखादी ठोके चुकवते, एखादी घसा खाकरल्यासारखी करते. जनार्दनची होडी वळण घेताना मध्येच अडखळायची आणि मग दोनदा जोरात ओरडायची. तो आवाज तिच्या कानात आहे. म्हणून भरतीच्या वेळेला ती याच कोपऱ्यात बसते आणि मान खाली घालते, कारण डोळ्यांसमोर काही हललं की तिला नीट ऐकू येत नाही. हातात जाळं असतं ते लोकांनी हटकू नये म्हणून. दाखला आला तेव्हा तिनेच अंगठा उठवला. मेला हे तिला मान्य आहे. "पन कान आयकत नाय," ती म्हणाली.

तेवढ्यात खाडीकडून धडधड ऐकू आली. मला सगळ्या होड्यांचा आवाज सारखाच. हिराबायने मान खाली घातली, अकरा वर्षांपूर्वी मी पाहिली होती अगदी तशी, आणि म्हणाली, पाटलांच्या पोराची, आज जड आली, मासळी हाय. रेखा मागच्या दारात जाऊन बघून आली. होडी तीच होती.

रेखा सासूसमोर खाली बसली. अकरा वर्षं एका छपराखाली राहून हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, म्हातारी दुपारची पेंगते. भरतीच्या वेळी घरात भांडं आपटलं तर आय चिडते, हे तेवढं तिला माहीत होतं. ती हळूच म्हणाली, म्हणून तू बेटेगावला येत नाहीस का?

"बेटेगावला होडीचा आवाज येतो काय?" हिराबायने विचारलं.

रेखा डोळे पुसत होती, मी तुटक्या चपलेकडे बघत होते. तेव्हा अंगणातून, इतका वेळ सगळं ऐकत उभ्या असलेल्या दिगंबरचा खाकरल्याचा आवाज आला. तो उंबऱ्याच्या बाहेरूनच बोलला. "आई, हितून बोईसरला सकाळची पहिली गाडी किती वाजता आसती?"

हिराबायने त्याला पहिल्यांदाच नीट निरखून पाहिलं. आमच्या गावाकडे घरजावई म्हटलं की लोक तोंड लपवून हसतात, आणि हा तर सुनेचा नवरा, मेलेल्या मुलाच्या घरात. कोकणात काय, देशावर काय, अशी रीत कुठे मी ऐकलेली नाही. हिराबायनेही ऐकली नसावी. मग रेखाकडे वळून तिने विचारलं, ह्यो मासं खातो का? रेखाने कढईची गोष्ट सांगितली. म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला.

गाडीची वेळ तिने स्वतःच सांगितली. आणि भरतीच्या वेळी घरात टीव्ही लावायचा नाही, अशी अट घातली.

सांगली, परत आल्यावर

होळीनंतर दोघं नोंदणी पद्धतीने लग्न करतायत. नात्यातल्या माणसांची कुरकुर चालू आहे, ती चालायचीच. कात्रण अजून भिंतीवर आहे, हिराबायने ते काढू दिलं नाही. पण तो टोपलीचा फोटो रेखाने त्याच्या शेजारी चिकटवलाय. यापुढे कुणी कॅमेरा घेऊन आलं तर आधी तो दाखवायचा, असं ठरलंय.

तेव्हा ही दुरुस्ती. अकरा वर्षांपूर्वी माझ्या लेखाचं शेवटचं वाक्य ज्यांनी वाचलं, ज्यांनी मला पत्रं लिहिली, त्यांना सांगायचंय की रेखा त्या संध्याकाळी जवळा भरत होती आणि ढग बघत होती. मी तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

लिहून झाल्यावर काल मी मुरब्याला फोन लावला. रेखाने फोन सासूच्या हातात दिला आणि मी हा सगळा मजकूर पहिल्यापासून वाचायला लागले. चिखलाच्या पायांपाशी हिराबाय हसली. मशीनच्या आवाजाचं वाचताना तिने मला एकदा अडवलं. दोनदा नाही, जनार्दनची होडी तीनदा ओरडायची. मी खोडायला पेन उचललं तर ती म्हणाली, नको, ऱ्हाऊ दे दोनदा. तीनदा फक्त मना ठाव ऱ्हाऊ दे. आणि मग स्वतःच म्हणाली, बरं, लिव. म्हणून ते इथे लिहिलं.

मी पुढे वाचायला लागले तेवढ्यात ती म्हणाली, "थांब."

मी थांबले. फोनमधून लांबून धडधड ऐकू येत होती. ती जवळ आली, वाढली, आणि वळणाशी आल्यावर जराशी मंदावली. मीही श्वास धरून ऐकत होते. मग आवाज सरळ पुढे निघून गेला.

"नाय," हिराबाय म्हणाली. "दुसऱ्याची हाय. तू वाच."